मामांच्या डोक्यातली बारीक धमनी

मित्रांनो, मामांना एक पत्र आले होते आणि सहा वर्षे त्यांनी त्याचे उत्तर दिले नाही. त्या मामांच्या डोक्यात, डाव्या कानाच्या किंचित वर, मी राहते. मी एक जुनी धमनी आहे. धमनी म्हणजे हृदयाकडून आलेले रक्त पुढे नेणारी नळी. पण नळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येईल, तेवढी मी जाड नाही. शिवणाच्या दोऱ्याहून बारीक आहे. माझ्यासारख्या हजारो जणी या डोक्यात आहेत आणि त्यांतल्या कितीतरी माझ्याहून शहाण्या असतील. त्यांना सोडून मी बोलायला उभी राहिले, याचा मलाच संकोच वाटतो.

कारण एवढेच की मामांना शब्द जिथे सापडतात, त्या एवढ्याशा जागेला रक्त पुरवायचे काम माझ्याकडे आहे. मला डोळे नाहीत, कान नाहीत. पण मामा जे बोलतात, ऐकतात, वाचतात आणि बोलायचे टाळतात, ते सगळे शब्द माझ्या दारावरून जातात. टाळलेले तर दिवसातून चार चार वेळा जातात. त्यामुळे ते पत्र मला तोंडपाठ आहे.

"मामा, नमस्कार. मी रसायनाची बाई. ओळखलंत का? शाळा सोडून चोवीस वर्षं झाली. तुम्हाला त्रास द्यायला लिहीत नाही. एकच विचारायचं आहे. त्या दिवशी सकाळी बाटल्यांना चिठ्ठ्या कोणी चिकटवल्या, तुम्ही की मी? चिठ्ठ्यांवर अक्षर माझं होतं, म्हणजे मीच चिकटवल्या असणार. पण कधी कधी वाटतं, मी तेव्हा वर्गावर होते. आता आठवणीचा भरवसा वाटत नाही. तुम्हाला नक्की आठवत असेल तर दोन ओळी लिहा. जे असेल ते लिहा."

मामांना नक्की आठवत होते.

पण मी फार पुढे गेले. आधी माझ्याबद्दल थोडे सांगते. मामा आईच्या पोटात होते तेव्हाच मी तयार झाले. माझ्या भिंतीत स्नायूंची कडी आहेत, बोटात अंगठी बसावी तशी, एकापुढे एक. ही कडी हेच माझे सगळे भांडवल. मामा धावले, चिडले किंवा घाबरले की मागून रक्त जोराने येते. तो जोर मी तसाच पुढे जाऊ दिला, तर माझ्यापुढच्या केसाहून नाजूक वाहिन्या फुटतील. म्हणून माझी भिंत ताणली गेली की कडी आवळतात आणि वाट अरुंद होते. मामा दमले, आडवे झाले की जोर ओसरतो. मग कडी सैल होतात आणि वाट रुंद होते. मागे पूर येवो नाहीतर ओढ लागो, पुढे जेवढे रक्त जायचे तेवढेच जाते. यासाठी मला वरून हुकूम येत नाही. माझे मीच पाहते.

एवढी काटेकोर वागणूक कशासाठी, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, मेंदूचे हातावर पोट आहे. शरीराच्या वजनात त्याचा वाटा पन्नासात एक, पण हृदयातून निघालेल्या रक्तातला साधारण सातवा हिस्सा तो एकटा घेतो. बरे, घेऊन साठवून ठेवील म्हणाल तर त्याच्या घरात कोठीची खोलीच नाही. आले की खाल्ले. सात-आठ सेकंद रक्त अडले, तर चांगला धडधाकट माणूस जागच्या जागी कोसळतो. उलट, रक्त जोराने घुसले तर सूज येते, फुटाफूट होते. उपास चालत नाही आणि अजीर्णही चालत नाही, असे हे खटल्याचे घर आम्हा हजारो जणींच्या जिवावर चालते.

मामा एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होते. काचेची भांडी धुवायची, नळ्या स्टँडवर उपड्या घालायच्या, बाटल्या भरायच्या, दिवे तपासायचे. सगळी शाळा त्यांना मामा म्हणे. त्यामुळे त्यांच्या बायकोला सगळा रस्ता मामी म्हणू लागला. "सख्खा भाचा एक नाही आणि हाक मारणारे सहाशे," असे मामी म्हणत.

प्रयोगशाळेत मला कामाची कधी वाण पडली नाही. बाटल्यांची फळी अगदी खाली होती. मामा तिथे उकिडवे बसून बाटल्या पुसत आणि घंटा झाली की ताडकन उठत. अशा वेळी रक्त पायांकडे धावते. मी लगेच वाट रुंद करते, पण लगेच म्हणजे माझे लगेच. मला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात मामांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई आणि ते फळीला धरून उभे राहत. तो दोष माझा. तेव्हा मी तरुण होते, तरी त्याहून चपळ होऊ शकले नाही.

मुलांना दाखवायला मामा चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालत आणि निवळी दुधासारखी पांढरी होई. तुम्हीही हा प्रयोग केला असेल. उच्छ्वासातला जो वायू निवळी पांढरी करतो, तोच रक्तात वाढला की मी रुंद होते. मामांनी श्वास कोंडून धरला की मी उघडते. त्यांनी भराभरा फुंकरी मारल्या की तो वायू कमी होतो आणि मी आक्रसते, म्हणून फुगे फुगवताना गरगरते.

माझे काम उत्तम झाले की कुणाला काही कळत नाही. म्हणून माझे कौतुक होणे शक्य नव्हते. तरी जन्मात एकदा झाले, आणि ते बाईंनी केले.

बाई नव्याने रसायन शिकवायला आल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. मामा चाळीसचे. मामांना पुस्तकांचे वेड होते आणि माणसांची भीती होती. खिडकीशी, भांडी निथळायच्या जागी, ते उभ्याने वाचत. बाईंनी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी घरून एक जाडे पुस्तक आणून दिले.

"मामा, हे तुम्ही वाचा आणि मला सांगा, मी वाचू की नको."

मामा आठवडाभर काही बोलले नाहीत. मग नळ्या पुसता पुसता म्हणाले, "वाचा."

"एवढंच?"

"पहिली चाळीस पानं सोडा."

त्या दिवशी बाई खूप हसल्या. पुढे दोन वर्षे पुस्तके येत-जात राहिली. मामा घराबाहेर एवढे कुणाशीच बोलले नव्हते.

एकदा जीवशास्त्राचे सर रजेवर होते, म्हणून बाईंनी त्यांचा तास घेतला. मामा मागे उभे होते. बाई म्हणाल्या, "मुलांनो, तुम्ही उभे राहा, झोपा, हातांवर उलटे चाला, डोक्यात रक्त जायचं तेवढंच जातं. आत बारीक बारीक धमन्या आहेत. त्या आवळतात, सैल होतात आणि आपल्याला पत्ता लागू देत नाहीत. घरातल्या मोठ्या माणसांसारख्या." एका मुलीने लगेच भिंतीला पाय लावून उलटे उभे राहून पाहिले. वर्ग खो खो हसला. मला मात्र काय वाटले ते सांगता येत नाही. आपण आहोत हे कुणाला तरी माहीत आहे, एवढेच वाटले.

त्यानंतर तीन महिन्यांनी परीक्षा आली.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी बाईंनी चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या, 'सौम्य आम्ल' आणि 'तीव्र आम्ल'. सकाळी मामांनी बाटल्या भरल्या आणि डिंकाची वाटी पुढे ओढली. शेजारी पुस्तक उघडे होते. शेवटची तीन पाने उरली होती. मामा एका डोळ्याने वाचत राहिले आणि हाताने चिठ्ठ्या चिकटवत राहिले. दोन्ही बाटल्यांतले पाण्यासारखेच दिसत होते. चिठ्ठ्या उलट्या लागल्या. बाई त्या वेळी दुसऱ्या वर्गावर हजेरी घेत होत्या.

नववीतल्या एका मुलीच्या हातावर तीव्र आम्ल सांडले. नळाखाली हात धरून ती रडत होती आणि मामा तिच्या शेजारी उभे होते. बाटलीवरची चिठ्ठी त्यांनी पाहिली. त्या क्षणी त्यांना कळले, आणि त्यांच्या आधी मला कळले, कारण मागून रक्ताचा असा लोंढा आला की तसा मी कधी पाहिला नव्हता.

मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या होत्या.

"चिठ्ठ्या कुणाच्या?" मुख्याध्यापकांनी विचारले.

बाई बराच वेळ बाटल्यांकडे पाहत होत्या. "अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या.

"मामा, तुम्हाला काही सांगायचंय?"

मामा दारात उभे होते. शब्द तयार होते. माझ्या दारापर्यंत आले होते. मागून लोंढ्यावर लोंढे येत होते आणि मी सगळा जीव एकवटून आवळून धरले. आत एक थेंब जास्त जाऊ दिला नाही. मामांचे डोके शांत राहिले. आवाज कापला नाही.

"साहेब, पाणी आणू का?" मामा म्हणाले.

त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. मोठा कस लागला होता आणि मी त्याला उतरले होते. आज तो अभिमान आठवला की मान खाली जाते. मी धरून ठेवले म्हणून मामा गप्प राहिले, असे मी म्हणणार नाही. गप्प राहणे त्यांचे त्यांनी केले. पण ते गरगरून तिथेच खाली बसले असते, तर कदाचित कुणीतरी दुसऱ्यांदा विचारले असते.

बाई महिन्याभरात शाळा सोडून गेल्या. पुन्हा कुठे शिकवायला लागल्या नाहीत, असे कानावर आले. मुलीचा हात बरा झाला, पिंपळपानाएवढा डाग राहिला. घरी मामी म्हणाल्या, "निष्काळजी बाई. तुमच्यावर शेकलं असतं म्हणजे?" मामांनी ताट सरकवले आणि हात धुतले.

पुढच्या वर्षांत मामांचा रक्तदाब हळूहळू चढत गेला. हे त्या गोष्टीमुळेच झाले, असे मला म्हणवत नाही. त्यांच्या वडिलांनाही तो होता, आणि मामा मीठ वरून घेत. पण चढला खरा. मग मला सतत आवळून राहावे लागे. रोज ओझी उचलणाऱ्याचे दंड भरतात, तशी माझी भिंत जाड झाली. सुरुवातीला मला ते बळ वाटले. नंतर कळले की जाड भिंतीला आवळता येते, पण सैल होता येत नाही. मला चढ्या दाबाची सवय लागली. पूर्वी दाब बराच उतरला तरी मी वाट रुंद करून वेळ निभावून नेई. आता तो थोडा जरी उतरला तरी माझी धाव संपे.

मग ते पत्र आले. मामा तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. पत्र कपाटात टाकले असते तर विसरता तरी आले असते. मामांनी ते वाचत्या पुस्तकात खूण म्हणून घातले. पुस्तक संपले की पुढच्या पुस्तकात. सहा वर्षे ते रोज उघडले गेले. दर दोन-चार महिन्यांनी मामा कागद घेऊन बसत. "आपण उल्लेखिलेल्या प्रसंगासंबंधी माझ्या स्मरणाप्रमाणे," असे काहीतरी भारदस्त लिहीत आणि थांबत. शब्द फार चांगले होते. त्यांतून नेमके तेवढेच निसटत होते. मग कागद फाडला जाई आणि मामी विचारत, "काय लिहिता हो सारखं?"

"काही नाही. जुनं."

"जुनं आहे तर मग फाडता कशाला?"

मामा तुकडे गोळा करत आणि पुस्तक उघडत.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी गोळी दिली. रोज सकाळी एक. मामांनी गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडला, भिंग घेतले आणि बारीक अक्षरातली दोन्ही पाने वाचून काढली. चक्कर, सुका खोकला, पायांना सूज, क्वचित आणखी काही. एवढे वाचून ते घाबरले.

"अहो, कादंबरी नाही ती," मामी म्हणाल्या. "गोळी घ्या आणि कागद टाका."

मामांनी कागद ठेवला आणि गोळी टाकली. म्हणजे पाच दिवस घेतली, मग बंद केली. दर तीन महिन्यांनी तपासणी असे. "गोळी घेत नाही," हे डॉक्टरीणबाईंना सांगायची हिंमत नव्हती. म्हणून तपासणीच्या दोन दिवस आधी मामा गोळ्या सुरू करत, एखादे पोर परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसते तसे. डॉक्टरीणबाई पट्टा दंडाला बांधत, आकडा पाहत आणि म्हणत, "ठीक आहे. फार छान नाही, पण ठीक आहे. तुम्ही शिस्तीचे आहात, मामा." त्या शब्दाने मामांना शरम वाटे. तरी पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

मग एकदा आकडा फारच चढा आला. डॉक्टरीणबाईंना वाटले, गोळी कमी पडते. त्यांनी जोराची गोळी लिहून दिली आणि दीड महिन्याने बोलावले. दीड महिना त्या गोळ्यांची पट्टी तशीच पडून राहिली. तपासणीच्या दिवशी सकाळी मामांनी दात घासले, पट्टी काढली आणि चार गोळ्या एकदम पाण्याबरोबर घेतल्या. एका सकाळीत दीड महिन्याची शिस्त भरून काढायची होती.

दवाखान्यातल्या बाकावर मामा तासभर बसले होते. मागचा जोर कमी कमी होत गेला. मी सैल झाले. तो आणखी उतरला. मी आणखी सैल झाले. कधी नव्हे ती सगळी कडी मोकळी सोडली, जाड भिंत जेवढी ताणेल तेवढी ताणली. माझ्या शेजारणीही तेच करत होत्या. एवढ्यात आतून हाक आली, "मामा, या." आणि मामा उठले.

मित्रांनो, माझ्याकडे आणखी काही उरले नव्हते. रक्त आले, पण ते धारेचे नव्हते, थेंबाथेंबाचे होते. माझ्या पलीकडची एक शेजारीण आधीच गंजलेल्या नळासारखी झाली होती. तिची वाट बंद पडली. मामा टेबलाशी पोहोचले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "कसे आहात?" मामांना उत्तर माहीत होते. "बरा आहे." ते माझ्या दारापर्यंत आलेच नाही. मामांनी तोंड उघडले आणि आतून नुसता आवाज निघाला. उजव्या हातातली पिशवी खाली पडली.

डॉक्टरीणबाईंनी क्षणात ओळखले. मोठ्या रुग्णालयात नेले, आठ दिवस ठेवले. हात परत आला. चालणे परत आले. शब्द मात्र पुरते आले नाहीत. माझ्या शेजारणीच्या वाट्याची जागा गेली ती गेलीच. त्या वेळी मी पुरी पडले नाही. मला जमेल तेवढे मी केले, असे मला इतर जणी सांगतात. मला ते खरे वाटत नाही.

रुग्णालयातून सुटताना डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. मामींनी त्यांना चारच गोळ्या कमी असलेली पट्टी दाखवली. त्या रागावल्या नाहीत. खाटेच्या कडेला बसल्या.

"मामा, दाब जिना उतरतो तसा उतरवायचा असतो. एक एक पायरी. तुम्ही गच्चीवरून उडी मारलीत." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "घेत नाही असं नुसतं सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मी काय खाणार होते?"

मामांनी मान हलवली. हा प्रश्नही त्यांच्या ओळखीचा होता.

घरी आल्यावर मामांना वस्तू कळत, तिचे नाव येत नसे. "ते… पाणी… ते," असे म्हणून ते पेल्याकडे बोट दाखवत. बोलणे पुन्हा शिकवायला येणाऱ्या एका ताईंनी मामींना युक्ती सांगितली. घरातल्या वस्तूंवर नावे लिहून चिकटवा आणि रोज सकाळी वाचायला लावा. मामींनी शेजारच्या पोरांच्या जुन्या वह्या आणल्या, ठळक अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या आणि अख्खे घर चिठ्ठ्यांनी भरून टाकले. दार. खुर्ची. आरसा. कपाट. डबा. एक चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर चिकटवली. तिच्यावर लिहिले होते 'बायको'.

"वाचा," मामी म्हणाल्या.

मामा वाचत राहिले. मग सावकाश म्हणाले, "खु… खुर्ची."

"बसा मग," मामी म्हणाल्या आणि दोघेही हसले. मामांचे ते आजारानंतरचे पहिले हसणे.

मात्र चिठ्ठी चिकटवताना मामींची बोटे डिंकाने ओली झाली की मामा तिकडे बघायचे थांबत. मला कारण माहीत होते. मामींना नव्हते.

महिन्याभराने ताईंनी सांगितले, आता यांना छोटी कामे करू द्या. एका सकाळी मामांनी चहा केला. डब्यावरची चिठ्ठी वाचली, "साखर", आणि दोन चमचे टाकले. मामींनी पहिला घोट घेतला आणि मोरीकडे धावल्या. परत येऊन त्यांनी दोन्ही डबे उघडून पाहिले.

"अगं बाई. मीठ आणि साखर उलट लावलंय मी. चुकलं माझं." त्यांनी नखाने दोन्ही चिठ्ठ्या खरवडल्या, अदलाबदल करून पुन्हा चिकटवल्या आणि वरून अंगठा फिरवला. "झालं. द्या, दुसरा टाकते."

सगळे मिळून अर्धे मिनिट लागले असेल. मामा ओट्याला धरून उभे होते.

"परत," मामा म्हणाले.

"काय परत?"

"ते. म्हण."

मामींना कळेना. "चुकलं माझं?"

"हं."

"का? लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदा ऐकलंत म्हणून गोड वाटलं का?"

मामा हसले नाहीत. "चु… कलं," ते म्हणाले. मग थांबले. माझ्या शेजारच्या पेशी धडपडत होत्या, रक्त मागत होत्या. मित्रांनो, डोक्याचा जो भाग काम करतो त्याच्यापुरती वाट आम्हाला थोडी जास्त उघडावी लागते. मी उघडली. जुनी, जाड, चिवट भिंत जेवढी उघडेल तेवढी. "मा… झं," मामा म्हणाले.

मग त्यांनी पुस्तकातून पत्र काढले, टेबलाशी बसले आणि कागद ओढला. पूर्वीचे भारदस्त शब्द आता नव्हतेच. 'उल्लेखिलेल्या' गेला होता, 'स्मरणाप्रमाणे' गेला होता. बारके बारके शब्द तेवढे उरले होते, आणि तेही लांबच्या वाटेने, एकेक करून येत होते. चार सकाळी लागल्या. पहिल्या सकाळी फक्त "बाई" झाले. एकदा मध्येच शब्द अडला तेव्हा मामांनी पेन्सिल फेकली. मामींनी ती उचलून टोक केले आणि पुन्हा हातात दिली. काय लिहिता, असे या खेपेला विचारले नाही.

चौथ्या दिवशी कागदावर असे होते:

"बाई, नमस्कार. चिठ्ठ्या मी लावल्या. तुम्ही वर्गात होता. मी पुस्तक वाचत होतो. चुकलं माझं. मामा."

पत्ता लिहायला आकडे जमत नव्हते, म्हणून मामांनी कागद आणि बाईंचे पत्र दोन्ही मामींपुढे ठेवले. मामींनी आधी एक वाचले, मग दुसरे, मग पुन्हा पहिले.

"आणि मी त्या बाईला चार घरी नावं ठेवत फिरले," त्या म्हणाल्या. "तुमच्यासमोर. तुम्ही ऐकत बसायचात."

मामांनी मान खाली घातली.

"सहा वर्षांपूर्वीचं पत्र आहे हे. ती तिथे असेल का तरी?"

"माहीत… नाही."

मामींनी पदराने डोळे पुसले. त्या रागात होत्या की रडत होत्या, मला ओळखता आले नाही, मामांनाही नाही. मग त्यांनी मामांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागदाच्या तळाला स्वतःच्या ठळक अक्षरात लिहिले, "मीही तुम्हाला पुष्कळ बोलले. मामी." पाकिटावर पत्ता घातला. जिभेने कड ओली करून ते बंद केले.

मित्रांनो, मी शहाणपण सांगायच्या लायकीची नाही. माझ्या हयातीत मी एकच काम शिकले आणि तेही शेवटी पुरे पडले नाही. पण तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना गोळी लिहून दिली असेल, तर ती रोज घेतात का, ते विचारा. घेत नसतील तर रागावू नका, नाहीतर ते तुमच्यापासूनही लपवतील. मीठ हात राखून घाला. बसलेले असाल तर सावकाश उठा, आम्हाला चार सेकंद द्या. आम्ही तक्रार करत नाही, म्हणून आम्ही ठीक आहोत असे समजू नका. आणि काही सांगायचे राहिले असेल, तर शब्द हाताशी आहेत तोवर सांगून टाका. नीट मांडणी जमेपर्यंत थांबू नका. बाईंचे पत्र त्या परीक्षेनंतर चोविसाव्या वर्षी आले होते, उत्तर तिसाव्या वर्षी निघाले. एवढा काळ एका माणसाने दुसऱ्याची चूक आपली म्हणून जपली. हा काळ आता कुणालाच परत देता येणार नाही.

टपालपेटी रस्त्याच्या वळणावर होती. मामी म्हणाल्या, "मी टाकून येते, ऊन चढलंय." मामांनी मान हलवली आणि पाकीट स्वतःजवळ घेतले. काठी टेकत, मध्ये दोनदा थांबत ते गेले. हृदय जोराने धडधडत होते आणि मी बेताने आवळून धरले होते. पेटीच्या फटीत मामांनी पाकीट अर्धे घातले आणि तसेच धरून उभे राहिले. उजव्या हाताची बोटे अजून पटकन ऐकत नव्हती. मागून एक अनोळखी बाई पत्र टाकायला आल्या. त्या म्हणाल्या, "काका, टाकू का मी?"

"नको," मामा म्हणाले. शब्द लगेच आला.

मग बोटे सुटली, आणि पाकीट आत पडल्याचे मामांनी ऐकले.